बंदुकीची नळी किती लांब असावी?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने बंदुकीच्या नळीवर लेख लिहावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. विषय पदार्थविज्ञानाचा, लेखक इतिहासाचा! पण हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, तो आमच्या गावच्या पारावर भेटला.

माझे गाव राळेगाव तालुक्यात आहे. २०१८ साली मी शाळेत होतो. पांढरकवडा-राळेगाव भागातील टी-१ वाघिणीवर तेव्हा तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता आणि तिच्यासोबत दोन बछडे होते. कापूस वेचायला बायका एकट्या जात नव्हत्या. जागलीला जाणारे जागलीला जात नव्हते. आधी बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करावा, न जमल्यास गोळी घालावी, असा आदेश होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या परिसरात ती गोळीने मेली. तिच्या अंगावर सापडलेल्या डार्टवरून पुढे मोठा वाद झाला. त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. मला आठवतो तो पारावरचा एका म्हाताऱ्या बाबांचा प्रश्न : "गोयी इतक्या दुरून लागते, त मंग ते इंजेक्शन काऊन लागत नाही? नयी लांब करा म्हनाव!"

सगळे हसले. पण नळी लांब केली तर काय होते, हे हसणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे महाविद्यालयात आल्यावर एन.सी.सी.त पॉइंट टू-टू रायफल हाती आली आणि तो प्रश्न पुन्हा उभा राहिला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या बाबांना द्यावयाचे उशिराचे उत्तर आहे.

प्रथम नळीचे काम काय ते पाहू. काडतुसातील दारू पेटली की तिचा वायू होतो. हा वायू गोळीला मागून ढकलतो. गोळी नळीत आहे तोवरच हे ढकलणे चालते. ती तोंडाबाहेर पडली की संपले. म्हणून नळी जितकी लांब तितका ढकलण्याचा अवधी जास्त आणि गोळीचा वेग जास्त. इथवर बाबांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु गोळी पुढे सरकते तशी तिच्यामागची जागा वाढते, वायू पसरतो, दाब उतरतो. पहिल्या काही इंचांत जो जोर असतो तो शेवटच्या इंचांत राहत नाही. एका मर्यादेनंतर वायूचा रेटा नळीच्या घर्षणाला पुरेनासा होतो आणि तिथून पुढची नळी ही केवळ ओझे होय.

आमची पॉइंट टू-टू याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्या काडतुसात दारू चिमूटभर. सोळा ते अठरा इंचांतच तिचा सारा जोर संपतो. मग स्पर्धेच्या रायफलींच्या नळ्या त्याहून लांब का दिसतात? कारण वेगाचे नव्हे, नेमाचे आहे. उघड्या साइटने नेम धरताना मागची साइट आणि पुढची माशी यांत अंतर जितके जास्त, तितकी नेम धरण्यातील बारीक चूक लवकर ध्यानी येते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळविले, ते याच जातीच्या रायफलीने. त्या स्पर्धेत रायफलीचे वजन आठ किलोपर्यंत चालते. तेथे वजन हा दोष नसून गुणच आहे. जड रायफल हलत नाही. खांद्यावर टाकून पळसाच्या रानातून पाच कोस चालायचे असेल, तर मात्र हिशेब पार बदलतो.

हा हिशेब बदलल्याची एक गोष्ट इतिहासात घडलेली आहे, आणि आपल्या पोलीस ठाण्यांतून कित्येक दशके दिसणाऱ्या थ्री-नॉट-थ्री रायफलीशीच ती निगडित आहे. मूळची ली-एन्फील्ड पायदळाची रायफल. तिची नळी तीस इंचांहून थोडी जास्त. घोडेस्वारांसाठी वेगळी आखूड कार्बाइन असे. बोअर युद्धानंतर ब्रिटिशांनी ठरविले की, दोघांना मिळून एकच रायफल द्यावी, आणि तिची नळी सुमारे पंचवीस इंचांवर आणली. नेमबाजांच्या वर्तुळात ओरड झाली. पाच इंच नळी कापली, आता नेम कसला लागणार! परंतु पहिल्या महायुद्धात तीच आखूड रायफल सैनिकांनी वाखाणली, आणि इशापूरच्या कारखान्यात ती पुढेही वर्षानुवर्षे बनत राहिली. दुसऱ्या महायुद्धात तर जंगलातील लढाईसाठी नळी आणखी कापून एकोणीस इंचांच्या आत आणली. ही 'जंगल कार्बाइन' मात्र अतिरेक ठरली. वजन घटले खरे. पण खांद्याला बसणारा हिसका, तोंडाशी उठणारा जाळ आणि कानठळ्या बसविणारा आवाज, तिन्ही वाढले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लांब नळी म्हणजे अचूक नळी, हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलेले आहे. ते चूक आहे. गोळी सुटताना नळी ताणलेल्या तारेसारखी कंप पावते. एका टोकाला घट्ट धरलेली दांडी किती वाकेल हे तिच्या लांबीच्या घनावर अवलंबून असते. चोवीस इंचांची नळी कापून अठरा इंचांची केली, तर जाडी तीच राहूनही ती सुमारे सव्वादोन पटींहून अधिक ताठ होते. आखूड नळी म्हणून प्रत्यक्षात अधिक एकसारखी गोळी टाकू शकते. गमावतो तो वेग. ७.६२ मिलिमीटरच्या नेहमीच्या काडतुसात प्रत्येक इंचामागे साधारण सहा ते नऊ मीटर वेग कमी होतो. म्हणजे सहा इंच कापल्यावर सेकंदाला आठशे मीटरचा वेग साडेसातशेच्या आसपास येतो. याची भरपाई साइट थोडी वर चढवून करता येते. वाऱ्याने होणारे विचलन मात्र किंचित वाढते, आणि ते लांब पल्ल्यावरच जाणवते.

वजनाचेही एक गणित मी वहीत करून पाहिले. दोन सेंटिमीटर जाडीच्या पोलादी नळीचा एक इंच म्हणजे त्रेपन्न-चोपन्न ग्रॅम. सहा इंच कमी केले की तीनशे वीस ग्रॅम वाचले. आकडा क्षुल्लक वाटेल. पण ते वजन रायफलीच्या टोकाशी असते, दस्त्याशी नव्हे. हाताने घागर छातीशी धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच येथे.

आता आवाजाकडे वळू, कारण आडरानात तोच निर्णायक असतो. बंदुकीचा आवाज एक नसून दोन आहेत, हे मला अलीकडेच कळले. पहिला नळीच्या तोंडाशी होतो : कोंडलेला वायू एकदम मोकळा होतो त्याचा. दुसरा हवेत होतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर वाटेभर चाबकासारखा कडाका उठतो. सायलेन्सर हा फक्त पहिल्या आवाजावरचा उपाय आहे. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन गृहस्थांनी १९०९ साली त्याचे पेटंट घेतले. त्यांनी मोटारीच्या धुराड्याचा आवाज दाबण्यावरही काम केले, म्हणून ही दोन्ही यंत्रे भावंडेच म्हणावी लागतील : वायूला एकदम सुटू न देता पसरायला जागा द्यावयाची, इतकेच. (आपल्या देशात सामान्य नागरिकास असे उपकरण बाळगता येत नाही, हे येथे सांगितलेले बरे.) दुसऱ्या आवाजावर उपाय एकच, गोळीच ध्वनीपेक्षा हळू सोडणे.

या हळू सोडण्यातही हवामानाची गंमत आहे. ध्वनीचा वेग उन्हाळ्यात वाढतो. यवतमाळच्या मे महिन्यातील ४५ अंशांत तो सेकंदाला सुमारे ३५८ मीटर, तर डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे सुमारे ३३७. म्हणजे सेकंदाला ३४५ मीटरने जाणारी गोळी उन्हाळ्यात मुकी राहील आणि थंडीत कडाडेल! बंदूक तीच, काडतूसही तेच.

हलकी, अचूक आणि कमी आवाजाची रायफल हवी असेल, तर नळी किती असावी हे आता ठरवता येते. सायलेन्सर सात-आठ इंचांचा असतो आणि तो नळीच्या पुढे बसतो. चोवीस इंचांच्या नळीवर तो चढविला, तर एकूण लांबी बत्तिशीच्या घरात जाते. ती काटेरी झुडपांत अडकते आणि जीपमध्ये वळत नाही. फार आखूड नळी घेतली, तर वायू अजून जोरात असतानाच सायलेन्सरमध्ये शिरतो, तो लवकर तापतो आणि आवाजही कमी दबतो. पूर्ण ताकदीच्या काडतुसासाठी सोळा ते वीस इंच ही म्हणून समंजस मर्यादा ठरते. माझे मत विचाराल तर अठरा. ध्वनीपेक्षा हळू जाणाऱ्या जड गोळीला मात्र आठ-दहा इंचही पुरतात, कारण तिला वेग नकोच असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंसाठी विल्यम डी लाइल यांनी जी कार्बाइन तयार केली, तिच्यात ली-एन्फील्डच्या यंत्रणेवर पिस्तुलाचे जड, संथ काडतूस आणि आखूड नळी होती. तिच्या गोळीपेक्षा बोल्ट मागेपुढे करण्याचाच आवाज मोठा, असे तिच्याविषयी सांगतात.

तेव्हा 'नळी किती लांब' हा प्रश्न मुळी दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न, तिच्यातून काय बाहेर पडणार आणि किती वेगाने पडलेले आपणांस चालणार, हा होय. बाबांच्या इंजेक्शनचे उत्तर नेमके येथेच सापडते.

वाघाला बेशुद्ध करणारी बंदूकही हलकी आणि कमी आवाजाची असते. तिच्यात दारूऐवजी बहुधा कार्बन डायऑक्साइडचा दाब वापरतात. काडतुसातील दाब वातावरणाच्या साडेतीन-चार हजार पट असतो. येथे तो दहा-पंधरा पट. एवढ्या मंद रेट्याला लांब नळी खरोखरच मानवते. पण बाहेर पडते ती शिशाची गोळी नव्हे. ती शेपटीला झुबका असलेली औषध भरलेली सिरिंज आहे. तिने कातडी भेदून मांसात थांबावयाचे आहे. वेग वाढविला तर ती हाड मोडील किंवा खोल घुसून जनावराचाच जीव घेईल. म्हणूनच अंतर पाहून दाब कमी-जास्त करतात. नळी दुप्पट लांब करून मिळणारा वेग येथे वापरताच येत नाही.

वेग नाही, म्हणून पल्लाही नाही. सेकंदाला साठ मीटर वेग धरा. चाळीस मीटर अंतर कापायला डार्टला सुमारे दोन-तृतीयांश सेकंद लागेल आणि नळी आडवी धरली असेल तर तेवढ्यात ते दोन मीटरांहून अधिक खाली येईल. अंतर ऐंशी मीटर केले की सव्वा सेकंदाहून जास्त वेळ आणि साडेआठ मीटरांहून अधिक घसरण. हवेचा विरोध तर मी धरलेलाच नाही. गवताच्या एका काडीने त्याची दिशा बदलते. तेवढ्या वेळात वाघीण एक पाऊल टाकते आणि खांद्यावरचा नेम पोटावर जातो. आणि नेम लागला तरी औषध चढायला मिनिटे लागतात. तोवर ती तुरीच्या शेतात किंवा लँटानात कोठेही जाऊ शकते. म्हणून डार्ट मारणाऱ्यास तीस-चाळीस मीटरांच्या आत जावे लागते, उजेड असावा लागतो, जनावर स्थिर असावे लागते. ज्या वाघिणीपायी सारा तालुका दारे लावून बसला होता, तिच्या तीस मीटरांवर जाणे म्हणजे काय, हे पारावर बसून आम्हांला कळले नव्हते.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा हे सारे बाबांना सांगावे म्हणून वही घेऊन पारावर गेलो. त्यांनी दोन मीटर घसरणीपर्यंत ऐकून घेतले, मग विचारले, "म्हंजे, जोर कमी हाय म्हनून नाही, त जोर करता येत नाही म्हनून?"

मी हो म्हटले. त्यांनी तंबाखू मळली आणि वही परत दिली.