हृदयाभोवतीचा मेद

मुठीएवढे आपले हृदय छातीच्या पोकळीत किंचित डावीकडे कलून अहोरात्र राबत असते. मिनिटाला सुमारे सत्तर, म्हणजे दिवसाला एक लक्ष ठोके! या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या त्याच्याच पृष्ठभागावरील खाचांतून जातात, आणि त्या खाचा पिवळसर मेदाने भरलेल्या असतात. मुलांनो, ‘मेद’ हा शब्द ऐकताच नाक मुरडण्याचे कारण नाही. दर ठोक्याला हेलकावणाऱ्या त्या रोहिण्यांना हा मेद गादीसारखा आधार देतो. शिवाय हृदयाला लागणारे बरेचसे इंधन मेदापासूनच मिळते.

मात्र हा शेजारी फार जवळचा आहे. तो आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये कसलाही पडदा नाही. मेद म्हणजे केवळ साठवण नव्हे; त्यातून नाना प्रकारची द्रव्ये पाझरतात. मर्यादेत असताना ती उपकारक ठरतात. मेद फाजील वाढला म्हणजे दाह उत्पन्न करणारी द्रव्ये अधिक पाझरू लागतात.

आता रक्तदाबाकडे वळू. वाहते रक्त रोहिण्यांच्या भिंतींवर जो रेटा देते, तो रक्तदाब. इटलीतील रिव्हा-रोच्ची या वैद्याने १८९६ साली दंडाला बांधावयाचा फुगता पट्टा सिद्ध केला, आणि १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन वैद्याने पट्ट्याखालील रोहिणीचा आवाज नळीने ऐकून दाब मोजण्याची रीत दाखविली. प्रौढ माणसात हा दाब १२०/८० पेक्षा कमी असणे चांगले. पहिला आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, दुसरा ते विसावतानाचा. वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तो मोजल्यावाचून कळत नाही.

ज्यांच्या हृदयाभोवती मेद अधिक, त्यांच्यात उच्च रक्तदाबही अधिक आढळतो. मग मेदामुळेच दाब वाढतो काय? कोकणात दसऱ्याच्या सुमारास झेंडू फुलतो आणि भातही पिकते. पण झेंडूमुळे भात पिकते असे कोणी म्हणत नाही. दोहोंच्या मागे ऋतू असतो. तसा येथे कोणी आहे काय?

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ पासून हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे. प्रारंभी ५,२०९ स्त्रीपुरुष त्यात सामील झाले. १९७१ पासून त्यांच्या मुलांचीही तपासणी सुरू झाली. पुढे शरीराची छेदचित्रे घेणारे सी. टी. यंत्र आले आणि जिवंत माणसाच्या हृदयाभोवतीचा मेद मोजता येऊ लागला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मेद व रक्तदाब यांची संगत दिसली खरी. परंतु पोटाच्या आतील मेदही हिशेबात घेताच ती बरीच फिकी पडली. म्हणजे ऋतूचे काम पुष्कळसे पोटातील मेद करीत असावा. हा मेद मूत्रपिंडांवर दाब आणतो, आणि शरीरातील मीठपाण्याचा तोल तर मूत्रपिंडेच राखतात.

येथे आणखी एक गुंता आहे. दाब वाढला की हृदयाला अधिक जोर लावावा लागतो आणि त्याची भिंत जाड होते. अशा जड झालेल्या हृदयावर मेदही अधिक आढळतो. तेव्हा पुष्कळ रुग्णांत आधी कोण आले, मेद की रक्तदाब, याचा शोध संशोधक अद्याप घेत आहेत.