परसबागेतील अनोळखी रोपे : ओळख व निगा

पहिला पाऊस पडून गेला की आठ-पंधरा दिवसांत परसबागेत अनेक रोपे आपोआप उगवतात. त्यांपैकी काही ओळखीची असतात. काही मात्र घरातील जाणत्या माणसांनीही पूर्वी पाहिलेली नसतात. मुळशी तालुक्यातील नांदे हे गाव पुणे शहराच्या पश्चिमेस, शहरापासून जवळ आहे. शहरालगतच्या अशा गावांत नवे बी येण्याचे मार्ग पुष्कळ असतात. शेणखत, विकतची माती, रोपवाटिकेतील कुंड्या, पाखरे, वारा आणि पावसाचे वाहते पाणी या सर्वांबरोबर ते परसात येते. असे रोप दिसताच कोणी ते उपटून फेकतो, कोणी शोभेचे म्हणून जपतो, तर कोणी त्याची कोवळी पाने भाजीत घालतो. ओळख पटण्यापूर्वी यांपैकी काहीही करणे इष्ट नव्हे.

पुण्याजवळचे उदाहरण

सन १९५५ च्या सुमारास पुण्यात उकिरड्यांवर एका अपरिचित वनस्पतीची तुरळक झाडे आढळली. श्री. आर. एस. राव यांनी तिची नोंद १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हीच वनस्पती आज गाजरगवत या नावाने सर्वांस ठाऊक आहे. कोवळेपणी तिची चिरलेली पाने शेवंतीच्या पानांसारखी दिसतात, त्यामुळे ती सहज राखली जाते. पुढे एकेका झाडास हजारो बिया येतात. तिच्या संसर्गाने अनेकांच्या अंगास खाज सुटते व कातडीचा विकार जडतो. काहींना दम्याचाही त्रास होतो. ओळख वेळेवर पटली, तर फुले येण्यापूर्वी हातमोजे घालून ती मुळासकट उपटता येते व कुजवून तिचे खतही करता येते.

दिसण्यातील साम्य

पावसाळ्यात टाकळ्याची भाजी आवडीने खाल्ली जाते. त्याच सुमारास, तशाच जागी कासविंदाही उगवतो. दोहोंची फुले पिवळी असतात. परंतु टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असून पर्णिकेचे टोक गोलसर असते. कासविंद्याच्या पानात बहुधा चार ते सहा जोड्या असतात व टोक निमुळते असते. टाकळ्याची शेंग लांब, बारीक व वाकडी, तर कासविंद्याची चपटी व फिकट कडांची असते. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणाऱ्या एका प्राणघातक आजाराचा कासविंद्याच्या विषबाधेशी असलेला संबंध २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आला. म्हणून अगदी लहान रोपे भाजीसाठी खुडू नयेत. पाने पुरती उमलून फरक स्पष्ट दिसेपर्यंत थांबावे.

ओळखण्याची रीत

१. रोपाजवळ खुणेची काठी रोवावी. मुले व जनावरे यांस तेथून दूर ठेवावे. चव घेऊन पाहू नये.

२. एकाच जातीची पुष्कळ रोपे असल्यास नमुन्यासाठी एक-दोन राखून बाकीची फुलण्यापूर्वी काढावीत.

३. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, पान साधे की संयुक्त, खोड गोल की चौकोनी, तोडल्यावर चीक येतो काय, चुरगळल्यास वास कसा येतो, हे वहीत लिहावे. चीक डोळ्यांस लागू देऊ नये व नंतर हात धुवावेत.

४. फूल येताच, बी धरण्यापूर्वी, फुलासह फांदी काढून जुन्या वर्तमानपत्रात पसरून दाबून ठेवावी. कागद रोज बदलावा. सोबत तारीख, गाव, जागा, रोपाची उंची व फुलाचा रंग लिहावा.

केवळ स्थानिक नावावर विसंबू नये. ब्राह्मी हे एकच नाव दोन अगदी निराळ्या वनस्पतींस दिले जाते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी असा नमुना तज्ज्ञांस दाखवून शास्त्रीय नाव मिळवावे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे. ते १९५५ साली स्थापन झाले. तेथे वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे.

ओळख पटेपर्यंतची निगा

अनोळखी रोपास खत घालण्याची घाई करू नये. मुळशीच्या पावसात रोपे पाण्यावाचून मरण्यापेक्षा मुळाशी पाणी साचून मरण्याचा धोका अधिक असतो. म्हणून रोपाभोवती मातीची भर देऊन पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी. उघडीप पडल्यावर वरची माती बोटभर खोल सुकली असेल तरच पाणी द्यावे. जाड, मांसल पानांच्या रोपास पाणी कमी लागते. रुंद व पातळ पाने दुपारच्या उन्हात माना टाकू लागल्यास थोडी सावली करावी. रोप हलवावयाचे असल्यास ढगाळ दिवशी सायंकाळी, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासह हलवावे.

दक्षता

मुलाने अनोळखी पान, फळ वा बी खाल्ल्याचे कळताच घरगुती उपाय करीत वेळ दवडू नये व ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. मुलास ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि त्या झाडाची फांदी, फळासह, सोबत न्यावी. विष कोणते हे कळल्यास डॉक्टरांस उपचार ठरविणे सुलभ होते.

ओळख पटल्यावर उपयुक्त रोप योग्य जागी लावावे, घातक रोप मुळासकट काढावे आणि त्याचे नाव शेजाऱ्यांसही सांगावे. कारण एका परसातील बी दुसऱ्या परसात जाण्यास कुंपण आड येत नाही.