चित्रफीत : मोजमापाचे एक साधन

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शने भरतात. प्रयोगाशेजारी आता एखादा मोबाईलही मांडलेला असतो आणि त्यावर प्रकल्पाची चित्रफीत चालू असते. मुले साहित्य जुळवताना, माहिती सांगताना आणि शेवटी टाळ्या वाजवताना दिसतात. चित्रफीत छान असते. पण प्रयोगाविषयी तिच्यातून नवे असे काही कळत नाही. वास्तविक कॅमेऱ्याची जागा पट्टी, घड्याळ आणि तापमापक यांच्या पंक्तीत आहे. त्याच्याकडून मोजण्याचे काम कसे करून घ्यायचे, ते या लेखात पाहू.

कुंडीतील वाटाणा

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून चलचित्राचा कॅमेरा घेऊन परतले. चित्रपट काढायचा तर भांडवल हवे आणि भांडवल देणाऱ्यांची खात्री पटायला हवी. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. त्यातून ‘अंकुराची वाढ’ हा साधारण मिनिटभराचा लघुपट तयार झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला तो त्यानंतर, १९१३ साली.

यामागचे तत्त्व सोपे आहे. चलचित्र म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेल्या स्थिर चित्रांची माळ. चित्रे सावकाश घेतली आणि भरभर दाखवली, तर काळ आकसतो. मोड येणाऱ्या मटकीचे दर अर्ध्या तासाला एक चित्र घेतले, तर तीन दिवसांत १४४ चित्रे होतील. ती सेकंदाला १२ या वेगाने दाखवली, तर तीन दिवस १२ सेकंदांत मावतील.

उलट, चित्रे भरभर घेतली आणि सावकाश पाहिली, तर काळ ताणला जातो. धावत्या घोड्याचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून उचललेले असतात का, हा जुना वाद होता. मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ साली अमेरिकेत ओळीने कॅमेरे लावून तो मिटवला. चारही पाय उचललेले असतात खरे. पण चित्रकार रंगवीत तसे ते फाकलेले नसतात, तर पोटाखाली गोळा झालेले असतात. डोळ्यांना जे पकडता आले नव्हते, ते कॅमेऱ्याने पकडले.

चेंडू किती पडला?

आता एक प्रयोग. भिंतीवर दर १० सेंटिमीटरला खुणा केलेली कागदी पट्टी उभी चिकटवा. मोबाईल स्टँडवर पक्का बसवा. हातात धरू नका. एकाने पट्टीला अगदी लगटून चेंडू सोडावा, दुसऱ्याने चित्रण करावे. मोबाईल बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतो. तरी ते गृहीत धरू नका. चालू स्टॉपवॉचचे चित्रण करून एका सेकंदात किती चित्रे येतात ती मोजा.

मग चित्रफीत एकेक चित्र पुढे सरकवत पाहा. चेंडू सुटल्यापासून पाचव्या चित्रात तो सुमारे १३.६ सेंटिमीटर, दहाव्यात ५४.४ आणि पंधराव्यात १२२.५ सेंटिमीटर खाली आलेला असावा. या अंतरांचे प्रमाण १ : ४ : ९. वेळ दुप्पट तर अंतर चौपट, वेळ तिप्पट तर अंतर नऊपट! पंधरा चित्रे म्हणजे अर्धा सेकंद. अंतराची दुप्पट करून तिला वेळेच्या वर्गाने भागा : २ × १.२२५ ÷ ०.२५ = ९.८. पाठ्यपुस्तकातील गुरुत्वत्वरण ते हेच.

उत्तर चुकले तर?

समजा, तुमचे उत्तर आले १२.२५. उद्या प्रदर्शन आहे. वहीत ९.८ लिहून टाकण्याचा मोह होईल. तसे करू नका. चित्रफीत पुन्हा लावा. चेंडू पट्टीजवळून न सोडता भिंतीपासून अर्धा मीटर पुढे सोडला होता का? कॅमेरा चेंडूपासून २ मीटरवर असेल, तर भिंत २.५ मीटरवर होते. त्यामुळे चेंडू १ मीटर पडला, तरी मागच्या पट्टीवर तो १.२५ मीटर पडल्यासारखा वाचला जातो. ९.८ ची सव्वापट करून पाहा : १२.२५!

आकडा बदलून लिहिला असता, तर ही चूक कायमची झाकली गेली असती. चित्रफितीचा खरा उपयोग हाच. घडून गेलेला प्रयोग ती पुन्हा समोर उभा करते आणि चुकीचे कारण शोधू देते. दोन्ही उत्तरे मांडा, कारणासह मांडा. नुसत्या ९.८ पेक्षा असा प्रकल्प कितीतरी मोलाचा.

खाडीचे घड्याळ

दुसरा प्रकल्प आपल्या दारातला आहे. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ उल्हास नदीच्या खाडीत भरती-ओहोटीचे पाणी येते. एखाद्या सुटीच्या दिवशी शिक्षकांना बरोबर घेऊन काठावरची सुरक्षित जागा निवडा. चिखलात उतरू नका. पाण्यातील एखादा स्थिर खांब चित्रात येईल असा कॅमेरा बसवा. सकाळी ६ ते संध्याकाळी ७ पर्यंत दर पंधरा मिनिटांनी एक चित्र घ्या. एकूण ५३ चित्रे होतील. प्रत्येक चित्रावरून पाण्याची पातळी वाचून आलेख काढा.

वर्तमानपत्रात किंवा पंचांगात मुंबईच्या भरतीची वेळ मिळेल. समुद्राची भरती खाडीतून वर सरकत कल्याणला उशिरा पोहोचते. हा उशीर किती, हे तुमची चित्रे सांगतील. ठाण्याच्या मित्रांनी त्याच दिवशी ठाणे खाडीवर असेच चित्रण केले, तर दोन्ही आलेख शेजारी ठेवता येतील.

विचार करा : पाणी चढायला जितका वेळ लागतो, तितकाच उतरायला लागतो का? आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा का येते? पहिल्याचे उत्तर कॅमेऱ्याला विचारा, दुसऱ्याचे चंद्राला!