धावताना छाती का धडधडते?

(उच्च प्राथमिक वर्गांसाठी पाठ-मार्गदर्शन)

खेळाच्या तासानंतर मुले वर्गात परततात तेव्हा त्यांची छाती धडधडत असते. कारण विचारल्यास "दमल्यामुळे" असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर अपुरे आहे. हृदय दमते म्हणून नव्हे, तर स्नायूंची वाढलेली मागणी पुरविण्यासाठी जलद चालते, हे मुलांना स्वतःच्या नाडीवरून पटवून देणे हा या पाठाचा हेतू होय.

प्रयोग : मुलांना पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या हाताची दोन बोटे हलकेच ठेवून १५ सेकंदांतील ठोके मोजावयास लावावेत व त्यांस ४ ने गुणावे. २२ ठोके भरल्यास मिनिटास ८८ झाले. नंतर एक मिनिट जागच्या जागी धावून लगेच, व पुन्हा पाच मिनिटांनी नाडी मोजावी. तिन्ही आकडे फळ्यावर मांडावेत. शाळा रस्त्याकडेला असून मैदान नसले, तरी हा प्रयोग वर्गात होतो. आजारी मुलास धावावयास न लावता त्याच्याकडे घड्याळ द्यावे.

स्पष्टीकरण : काम करणाऱ्या स्नायूंना प्राणवायू अधिक लागतो आणि त्यांच्यात निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड त्वरेने बाहेर न्यावा लागतो. ही ने-आण रक्त करते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. जोराच्या व्यायामात हे प्रमाण १५ ते २० लिटरपर्यंत जाते.

ठोक्यांची लय हृदयाच्या उजव्या अलिंदातील एक लहानसा पेशीसमूह ठरवितो. मेंदूकडून येणाऱ्या एका मज्जातंतूचा तिच्यावर लगाम असतो. धावू लागताच हा लगाम सैल होतो; मग दुसरे मज्जातंतू व ॲड्रेनालिन हे द्रव्य ती गती आणखी वाढवितात. शर्यतीची शिट्टी होण्यापूर्वीच छाती धडधडू लागते, तीही याच यंत्रणेमुळे.

वाढलेले रक्त सर्व अवयवांस सारखे मिळत नाही. येथे शीळफाट्याचा दाखला द्यावा. तेथे कल्याण, मुंब्रा, पनवेल व महापे या बाजूंचे रस्ते मिळतात. एका बाजूस ओघ वाढला की तिला वाट देऊन दुसरीकडील वाहने थोपवावी लागतात. शरीरातही स्नायूंकडील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतड्यांकडील आकुंचन पावतात. म्हणून पोषण आहारानंतर लगेच मुलांना पळवू नये.

नित्य व्यायामाने हृदय बळकट होते व एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते. यास्तव तालमीत मेहनत करणाऱ्या मल्लाची नाडी विश्रांतीच्या वेळी इतरांपेक्षा संथ चालते.

शिक्षकांनी ध्यानात ठेवावे : धावल्यावर नाडी जलद होणे व विश्रांतीने ती उतरणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. परंतु एखाद्या मुलाला थोड्या श्रमाने धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल, खेळताना भोवळ येत असेल किंवा स्वस्थ बसूनही नाडी फार जलद चालत असेल, तर त्यास आळशी म्हणून रागावू नये. त्याचा खेळ थांबवून पालकांना कळवावे व वैद्यकीय तपासणी करवावी. भोवळ येऊन मूल पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्याखाली शाळांत तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांना विनामूल्य उपचार मिळतात. असे मूल प्रथम ओळखणे पुष्कळदा वर्गशिक्षकाच्याच हाती असते.

स्वाध्याय : घरी जिना चढण्यापूर्वी व चढल्यानंतर नाडी मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. फरक का पडला, ते तीन वाक्यांत सांगा.