तार्किक भांडारातील डिस्कदोष : शोध व उपाय

संगणकाची स्मृती दोन प्रकारची असते. एक क्षणिक, वीज जाताच ती पुसली जाते. दुसरी टिकाऊ, ती बहुधा डिस्कवर, म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या तबकडीवर, साठविलेली असते. इ. स. १९५६ मध्ये आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने पहिले डिस्कयंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असून त्यांवर अवघी ५० लक्ष अक्षरे मावत. आज तळहातावर राहील एवढ्या डिस्कमध्ये त्याच्या लक्षावधी पट मजकूर साठतो. शाळेचे दाखले, ग्रंथालयाची सूची, रुग्णालयातील नोंदी हे सारे तिच्यावर विसंबून असते. म्हणून डिस्कमध्ये दोष उद्भवला असता काय करावे, आणि विशेषेकरून काय करू नये, हे जाणणे अगत्याचे आहे.

१. तार्किक भांडार म्हणजे काय?

डिस्कचा पृष्ठभाग लहान लहान घरांत विभागलेला असतो. अशा घरास सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये रूढ हिशेबाने ५१२ बाइट माहिती राहते. एक डिस्क अपुरी पडू लागली म्हणजे अनेक डिस्का एकत्र करून त्यांचे एकच मोठे भांडार कल्पिता येते. यास लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजेच तार्किक भांडार, असे नाव आहे. लिनक्स या प्रणालीसाठी ही व्यवस्था १९९८ मध्ये रचण्यात आली.

ग्रंथालयाचा दाखला घेतल्यास ही कल्पना स्पष्ट होईल. पुस्तके तीन कपाटांत असली, तरी नोंदवही एकच असते. वाचक केवळ क्रमांक सांगतो. ते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे नोंदवही सांगते. तार्किक भांडारातही असाच एक नकाशा असतो. भांडाराचे समान पट्टे पाडलेले असतात व कोणता पट्टा कोणत्या डिस्कवर आहे हे नकाशात लिहिलेले असते. लिनक्समध्ये सामान्यतः एक पट्टा ८,१९२ सेक्टरांचा असतो.

या सोयीबरोबर एक धोकाही येतो. साध्या रचनेत प्रत्येक माहितीची प्रत एकच असते. यास्तव तिहींपैकी एक डिस्क निकामी झाली, तरी सबंध भांडार पंगू होते.

२. दोष कोठे असू शकतो?

मागितलेले पुस्तक मिळाले नाही, तर कारणे तीन संभवतात : पुस्तकास वाळवी लागली असेल, कपाटाकडे जाण्याची वाट अडली असेल, किंवा नोंदवहीच चुकली असेल. डिस्कचेही तसेच आहे. पृष्ठभाग खराब झालेला असतो, डिस्क व संगणक यांना जोडणारी तार सदोष असते, अथवा नकाशा किंवा फाइलींची अनुक्रमणिका बिघडलेली असते. संगणकाच्या पडद्यावर मात्र तिन्ही प्रसंगी ‘वाचता आले नाही’ अशा अर्थाचीच सूचना उमटू शकते. म्हणून सूचनेवरून तडक उपायाकडे धाव घेणे योग्य नव्हे.

३. दोषाचा माग

समजा, भांडारातील १०,००,००० व्या क्रमांकाचा सेक्टर वाचता येत नाही. गणना शून्यापासून असल्याने त्यास ८,१९२ ने भागावे. भागाकार १२२ व बाकी ५७६ येते. म्हणजे दोष १२२ क्रमांकाच्या पट्ट्यात, त्याच्या आरंभापासून ५७६ सेक्टर पुढे आहे.

आता नकाशा पाहावा. त्यात १०० ते १९९ हे पट्टे दुसऱ्या डिस्कवर ३०० व्या पट्ट्यापासून ठेवले आहेत, असे दिसले. तर १२२ वा पट्टा त्या डिस्कवरील ३२२ वा ठरतो. ३२२ ला ८,१९२ ने गुणून ५७६ मिळवावेत. २६,३८,४०० ही संख्या येते. या डिस्कच्या आरंभीचे २,०४८ सेक्टर नकाशासाठी राखलेले असल्यास तेही मिळवावेत. खरा सेक्टर २६,४०,४४८ हा होय.

यानंतर त्याच डिस्कच्या अंतर्गत नोंदी तपासाव्यात. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची टिपणे ठेवीत असते. ‘वाचण्यास अवघड’ म्हणून राखून ठेवलेल्या सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर पृष्ठभागाचा संशय घ्यावा. ती शून्य असून वहनातील चुकाच वाढत असतील, तर प्रथम तार बदलून पाहावी. डिस्क सर्वस्वी निर्दोष दिसली, तर नकाशा किंवा अनुक्रमणिका यांकडे वळावे.

४. उपायांचा क्रम

पृष्ठभागाचा दोष ठरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे भांडारात नवे लेखन थांबवावे. दुसरी, डिस्कची संपूर्ण प्रत निर्दोष डिस्कवर काढावी; सुलभपणे वाचता येणारा भाग आधी उतरवावा व हट्टी सेक्टरांशी झुंज शेवटी घ्यावी. तिसरी, अनुक्रमणिकेची दुरुस्ती करावयाची ती या प्रतीवरच करावी. दुरुस्तीचा कार्यक्रम स्वतः लेखन करीत असतो. जे त्याला वाचता येत नाही ते अस्तित्वातच नाही असे समजून तो उरलेले दुवेही तोडू शकतो.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवावी. न वाचता येणाऱ्या सेक्टरवर नवे काही लिहिले, की डिस्क बहुधा त्याच्या जागी राखीव सेक्टर नेमते. सूचना थांबते; पाहणाऱ्यास दुरुस्ती झाल्यासारखे वाटते. वस्तुतः दोषाबरोबर जुनी माहितीही गेलेली असते. सूचनेचे मौन म्हणजे आरोग्य नव्हे.

गूगल कंपनीच्या संशोधकांनी एक लक्षाहून अधिक डिस्कांचे निरीक्षण करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पृष्ठतपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. उलट, निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दाखविले नव्हते. पहिल्या दोषास क्षुल्लक मानू नये आणि दोष दिसेपर्यंत थांबूही नये, असा याचा दुहेरी बोध आहे. माहितीची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवणे हाच खरा विमा होय.

अभ्यास

वरील नकाशाप्रमाणे भांडारातील १५,००,००० व्या क्रमांकाचा सेक्टर दुसऱ्या डिस्कवर कोठे आहे ते काढा. (उत्तर : ३१,४०,४४८)