गाडी आपली, पाना आपल्या हातात

एखाद्या रविवारी सकाळी आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये नीट चक्कर मारून बघा. निम्म्याहून अधिक गाड्या दादाच्या, काकांच्या नाहीतर वडिलांच्या हाताखालून आलेल्या. टाकीवर स्टिकर नवंकोरं, आरसा एकच आणि तोही केस बघायला वळवलेला, मागचं टायर हाताला गुळगुळीत लागतं. आपण परीक्षेत ऑटो सायकलची पी-व्ही आकृती डोळे झाकून काढतो. पण स्वतःच्या गाडीच्या मागच्या चाकात हवा किती पाहिजे असं विचारलं, की 'ते पंक्चरवाल्याला माहीत असतं' हे उत्तर ठरलेलं!

पंक्चरवाल्याला माहीत नसतं. तो सगळ्यांना सारखीच भरतो. खरा आकडा चेनकव्हरवर किंवा मागच्या स्विंगआर्मवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, तिथे नसेल तर मॅन्युअलमध्ये. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५ पीएसआयच्या आसपास आणि मागे एकटा बसणार असेल तर २८ च्या आसपास हवा लागते. डबलसीटला मागचा आकडा बराच वाढतो. हवा टायर थंड असताना बघायची, वीस किलोमीटर पळवून आल्यावर नाही, कारण तापलेली हवा दाब जास्तच दाखवते. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, तोही वाचा. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातलं टायर. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडतं.

हत्यारांचं म्हणाल तर फार काही लागत नाही. गाडीसोबत आलेली पिशवी (ती बहुतेकांनी हरवलेली असते), ॲक्सलच्या नटाला बसेल असा मोठा रिंग पाना, एक पक्कड, प्लग पाना, जुना टूथब्रश, चिंध्या, वाटीभर रॉकेल किंवा डिझेल. विंगमध्ये दहा जणांनी मिळून एक संच घेतला तर मेसच्या बाहेरच्या एका जेवणाएवढाही खर्च माणशी येत नाही.

आता चेन. हिच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच होतं. गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि इंजिन बंद ठेवा. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेनला कापड लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये कापडाबरोबर बोट गेलं तर ते परत येत नाही. चाक हातानेच फिरवायचं.

खालच्या बाजूला दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली करून बघा. साध्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ असावा. बंद चेनकव्हर असेल तर त्याला एक रबरी बूच असतं, ते काढून बघता येतं. एकाच जागी बघून थांबू नका. चाक पाव-पाव फेरा फिरवत चार जागी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सगळ्यात ताठ असेल तिथला खेळ धरायचा.

काही जणांना वाटतं जेवढी ताठ तेवढी चांगली. तसं नाही. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा ॲक्सल हे तीन बिंदू एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. तुम्ही आणि तुमचा रूममेट बसलात आणि गाडी खड्ड्यात आपटली की नेमकं तेच होतं. त्या क्षणी चेनला ढील उरलेली नसेल, तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. मशीन डिझाइनवाले सर याला दोन मार्क देतील, गॅरेजवाला मात्र काही हजार घेईल.

खेळ जास्त असेल तर मागच्या ॲक्सलचा नट सैल करा (जुन्या गाड्यांत आधी स्प्लिट पिन काढावी लागते) आणि दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा. स्विंगआर्मवर खुणा असतात. डावीकडे तिसरी खूण तर उजवीकडेही तिसरीच. चाक तिरकं बसलं तर गाडी एका बाजूला ओढते आणि स्प्रॉकेटचे दात एकाच अंगाने खाल्ले जातात. मग नट पक्का आवळा आणि खेळ पुन्हा बघा. यानंतर एक गोष्ट हमखास राहते. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्यामुळे ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि लायनर ड्रमला घासत राहतात. म्हणून चेन आवळली की ब्रेकचाही नट ॲडजस्ट करायचा, चाक हाताने मोकळं फिरतंय का ते बघायचं. चेनला लॉक असेल तर लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. उलटी बसवली की क्लिप कशाला तरी अडकून निघू शकते.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या विंगमधला एक जण घरी निघाला होता. चेन महिनाभर कव्हरवर खडखडत होती आणि त्याला ते सगळ्यांनी सांगितलं होतं. गावाच्या अलीकडे पाच किलोमीटरवर, एका स्पीडब्रेकरनंतर ती निसटली आणि स्प्रॉकेटच्या बाजूला अडकली. मागचं चाक जाम. गाडी आडवी झाली, हा रस्त्यावर घसरत गेला, खांदा निखळला. मागून वाहन येत नव्हतं एवढंच. त्याची दोन प्रॅक्टिकल बुडाली, पण आज तो आपल्यात बसून ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगतो.

चेन धुवायची ती रॉकेलने आणि ब्रशने. पेट्रोल वापरू नका, ओ-रिंगच्या चेनचं रबर त्याने खराब होतं आणि होस्टेलमध्ये कुणाच्या तरी तोंडात सिगारेट असतेच. कोरडी झाली की आतल्या बाजूने ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब सोडा, जास्तीचं पुसून घ्या. दात आकड्यासारखे वाकलेले दिसले तर नुसती चेन बदलू नका, पूर्ण सेट बदला.

इंजिन ऑइलबद्दल थोडक्यात. गाडी सपाट जागी सरळ उभी करून, बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक बघा. घरी कारचं ऑइल उरलंय म्हणून ओतू नका. आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो सटकायला लागतो. डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं बघून घ्या.

ब्रेकबाबत होस्टेलमध्ये एक समजूत पक्की रुजली आहे की पुढचा ब्रेक दाबला की माणूस उडतो. हिशेब करून बघू. गाडी आणि स्वार मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ६५ सेंटिमीटर, दोन चाकांमधलं अंतर १३० सेंटिमीटर. कोरड्या रस्त्यावर ०.७ जी एवढं जोरात थांबलात तर एकूण वजनाच्या ३५ टक्के भार मागून पुढे सरकतो. आधी निम्मा-निम्मा असेल तर आता पुढे ८५ आणि मागे १५ टक्के. म्हणजे ज्या चाकावर भारच उरला नाही त्याचा ब्रेक आपण पायाने जिवाच्या आकांताने दाबतो, ते लॉक होतं आणि गाडी शेपूट हलवते. दोन्ही ब्रेक वापरायचे. पुढचा झटक्याने नाही, पिळत पिळत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस आलं. पार्किंगमधल्या जुन्या गाड्यांना यातलं काहीच नाही, तिथे एबीएस म्हणजे तुमची दोन बोटं.

आता त्याच हिशेबाने रात्रीचा रस्ता बघा. आपला भाग ऊसपट्ट्यातला. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचे ढीग, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. कधी टायर फुटून भर रस्त्यात तशीच उभी केलेली. समजा तुमच्या हेडलाइटमध्ये ती ४० मीटरवर दिसली. ताशी ६० ला मेंदू आणि हात हलायला १ सेकंद धरला तर त्यात जवळजवळ १७ मीटर जातात, पुढे ब्रेकला २०. एकूण ३७. वाचलात, तीन मीटरने. ताशी ८० ला पहिल्या सेकंदातच २२ मीटर संपतात. उरलेल्या १८ मीटरमध्ये पूर्ण ब्रेक लावूनही ट्रॉलीवर आदळताना वेग ताशी ५७ असतो! ८० आणि ६० यांच्यात फरक वीसचाच ना, असं म्हणणाऱ्यांनी हे गणित स्वतः कॅल्क्युलेटरवर करावं. शिवाय १ सेकंद हा जाग्या माणसाचा आकडा आहे. ढाब्यावरून रात्री दोनला परतणाऱ्याचा दीड धरा, मग साठलासुद्धा ४५ मीटर लागतात.

हेल्मेटचंही तसंच. नुसतं दीड मीटरवरून डोकं पडलं तरी जमिनीशी ताशी १९-२० चा वेग होतो. थांबायला तीन मिलिमीटर मिळाले तर सुमारे ५०० जी. आतल्या थर्माकोलसारख्या फोमने दबून २५ मिलिमीटर दिले तर ६० जी. हेल्मेटचं काम एवढंच, अंतर विकत घेणं. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं, फोम दबलेला असतो. मागे आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. १ जून २०२१ पासून या खुणेशिवाय हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोप्या विकणारे दिसतातच. पट्टा लावलेला हवा. कोपरात अडकवलेलं हेल्मेट कोपर वाचवतं. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने ते लागतंच, ही गोष्ट डबलसीटवाल्या जोड्यांनी ऐकलेली बरी.

काय स्वतः करू नये हेही सांगतो. डिस्क ब्रेकमधली हवा काढणं, पुढचे फोर्क खोलणं, स्टिअरिंगचा कोनसेट, ही कामं पहिल्या वर्षी गॅरेजलाच द्या आणि शेजारी उभं राहून बघा. डिस्कवर ऑइलचा थेंब पडू देऊ नका. आणि काहीही खोललं असेल तर आधी कॅम्पसमधल्या रस्त्यावर हळू वेगात दोन्ही ब्रेक मारून बघायचे, मगच गेटबाहेर.

वाटेत कुणी पडलेला दिसला तर १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल आणि आगीची भीती नसेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. आणि पोलिसांच्या भीतीने निघून जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४-अ हे कलम आलं, त्यानुसार मदत करणाऱ्याने स्वतःचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही.