दूषित वायू आणि वनौषधींची वाढ

चरकसंहितेतील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी साथीच्या रोगांच्या संदर्भात अभ्यासिला. वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीचे विवेचन त्यात आहे. परंतु भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी संग्रहित कराव्यात, असा उपदेश पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास त्याच अध्यायात करतात, इकडे क्वचितच लक्ष जाते. रोग्याबरोबर औषधीही संकटात येते, हे आचार्यांनी जाणले होते.

आज ज्या वायुदोषाचा विचार आम्हास येथे करावयाचा आहे, तो भूपृष्ठालगतचा ओझोन होय. (उंच वातावरणातील ओझोन रक्षक, त्याची येथे गल्लत करू नये.) हा वायू कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने व औष्णिक वीजकेंद्रे यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय द्रव्ये यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तो निर्माण होतो. वाऱ्यासवे तो दूर जातो. त्यामुळे धूर शहराचा आणि झळ रानाला, असे घडते.

पर्णरंध्रांतून शिरलेला ओझोन पानातील पेशींना इजा करतो व प्रकाशसंश्लेषण मंदावते. जे अन्न तयार होते, त्यातलेही काही दुरुस्तीत खर्ची पडते. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उष्णकटिबंधीय वृक्षांवरील प्रयोगांच्या आधारे गणित मांडले आहे. त्यानुसार या वनांची वार्षिक निव्वळ उत्पादकता ओझोनमुळे सरासरी ५.१ टक्क्यांनी घटते. आशियातील वनांत ही घट १०.९ टक्के आहे.

ओझोनग्रस्त वनस्पतीत मुळांकडे जाणारा अन्नाचा वाटा बहुधा आधी आखडतो. बृहत्पंचमूळ ज्यांपासून मिळते ते बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला व गंभारी हे सारे वृक्षच. त्यांचे मूळ काढणे म्हणजे पुष्कळदा वृक्षच काढणे. भरपाईची गती मंदावलेली असताना जुन्या अंदाजाने माल उचलणे आम्हास धोक्याचे वाटते. पावसाळा सरल्यावर जमिनीत ओल असते, पर्णरंध्रे उघडी असतात आणि ऊनही स्वच्छ पडते. ओझोन पानात शिरण्यास हा काळ अनुकूल.

औषधनिर्मात्यांच्या नोंदवहीत वजन, दर व आर्द्रता असते. संग्रहस्थान, ऋतू आणि झाडाचा घेर हे तीन रकाने तीत अवश्य वाढवावेत. व्यापारी प्रथम कुरकुर करील. मुळाऐवजी खोडाची साल देणारा अंमळ अधिकच करील.